राबत्याचे दरवाजे



१ ऑगस्ट २०२५ पासून यूपीआयच्या कोणत्याही एका ॲपमधून ग्राहकाला दिवसभरात ५० वेळाच खात्यातली शिल्लक पाहता येते. मोबाइल क्रमांकाशी जोडलेल्या खात्यांची यादी २५ वेळा मागवता येते. हप्ते आणि वर्गण्या आपोआप वळत्या करायच्या असतील, तर सकाळी १० ते दुपारी १ आणि संध्याकाळी ५ ते रात्री ९:३० या गर्दीच्या वेळा टाळाव्या लागतात. यूपीआय चालवणाऱ्या नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने हे नियम घालण्याआधी, १२ एप्रिल २०२५ च्या शनिवारी, देशभरात यूपीआय अडखळले होते. त्या दिवशी काही बँकांच्या यंत्रणांकडून एकाच प्रश्नाचा लोंढा आला होता : अमुक व्यवहाराचे काय झाले? त्यानंतर या प्रश्नालाही शिस्त लागली. व्यवहार सुरू झाल्यावर ९० सेकंदांनी पहिली विचारणा करायची, आणि दोन तासांत तीनच वेळा.

त्या शनिवारी कुणी तिजोरी फोडली नव्हती. परवाना असलेल्या, ओळखीच्या यंत्रणांनीच पुन्हा पुन्हा दार ठोठावले आणि बाकीच्यांची वाट अडली. कुणाला आत घ्यायचे, कशासाठी, किती वेळा आणि कोणत्या वेळी, हे चार प्रश्न ज्या जागी सोडवले जातात, ती जागा म्हणजे एपीआय गेटवे. किराणा दुकानात पैसे देणाऱ्या माणसाला हा शब्द माहीत नसेल, पण त्या जागेवर झालेली चूक त्याच्यापर्यंत काही सेकंदांत पोचते. म्हणून या वर्षीच्या अध्यक्षीय भाषणाचा विषय एवढाच आहे : या दारावरचे नियम कुठे लिहिलेले असावेत, ते कुणी वाचावेत आणि ते दारापर्यंत कसे पोचावेत.

गेटवे हा प्रकार तसा अलीकडचा. ॲमेझॉनमध्ये २००२ च्या सुमारास जेफ बेझोस यांनी सगळ्या गटांना फर्मान काढले, की एकमेकांशी बोलायचे ते ठरलेल्या इंटरफेसमधूनच. ही गोष्ट स्टीव्ह येगी या अभियंत्याच्या २०११ मधल्या लेखनामुळे जगाला कळली. मोठ्या प्रणालीचे तुकडे होऊन सेवा वाढल्या, तशी प्रत्येक सेवेच्या तोंडाशी वेगळा पहारेकरी ठेवणे अशक्य झाले. नेटफ्लिक्सने २०१३ मध्ये झूल हा आपला गेटवे सर्वांसाठी खुला केला. २०१५ च्या एप्रिलमध्ये काँग हा गेटवे खुला झाला आणि जुलैमध्ये ॲमेझॉनची स्वतःची गेटवे सेवा आली. पहारा एका जागी आला, ही मोठी सोय झाली. पण त्याबरोबर त्या एका जागेवरच्या चुकीचे मोलही वाढले, हे लक्षात यायला वेळ लागला.

पहिली काही वर्षे हे पहारे हातानेच मांडले गेले, आणि अजूनही पुष्कळ ठिकाणी तसेच मांडले जातात. दुपारी फोन येतो, नवा भागीदार आजच जोडायचा आहे. कुणीतरी गेटवेच्या ॲडमिन पॅनेलमध्ये लॉगिन करतो, एक रूट उघडतो, टोकनची तपासणी ‘आत्तापुरती’ बंद करतो. चाचणी यशस्वी होते आणि सगळे घरी जातात. काही महिन्यांनी तो माणूस नोकरी बदलतो. रूट मात्र उघडाच राहतो, कारण तो उघडा आहे हे फक्त त्याच्या डोक्यात होते. पुण्या-मुंबईच्या कुठल्याही सॉफ्टवेअर कंपनीत दहा वर्षे काढलेल्या माणसाला या प्रसंगात नवे काही वाटणार नाही. त्यात कुणाचा वाईट हेतू नसतो, आणि म्हणूनच तो अधिक गंभीर आहे. हेतू शुद्ध असतानाही दार उघडे राहते, याचा अर्थ दोष माणसापेक्षा पद्धतीत आहे.

यावरचा उपाय गेटवेपेक्षा जुना आहे. ऑस्लोमध्ये मार्क बर्जेस यांनी १९९३ मध्ये सीएफइंजिन लिहिले. संगणकाला ‘हे कर, मग ते कर’ असे सांगत बसण्याऐवजी ‘शेवटी स्थिती अशी असली पाहिजे’ एवढे लिहून द्यावे, आणि यंत्राने पुन्हा पुन्हा तपासून त्या स्थितीला यावे, ही त्यामागची कल्पना. २००५ मध्ये गिट आले आणि असा मजकूर ठेवण्यासाठी उत्तम दप्तर मिळाले : कोणती ओळ कुणी, कधी बदलली याची नोंद आपोआप राहू लागली. २०१४ मध्ये सर्व्हर आणि सेवांची मांडणी अशाच फायलींतून उभी करणारे टेराफॉर्म आले. २०१७ मध्ये वीव्हवर्क्स कंपनीच्या ॲलेक्सिस रिचर्डसन यांनी या सगळ्या रीतीला गिटऑप्स हे नाव दिले. गेटवेच्या बाबतीत त्याचा अर्थ सरळ आहे. कोणता रूट कोणत्या सेवेकडे जातो, त्याला कोणते टोकन लागते, मिनिटाला किती विनंत्या चालतील, हे सगळे साध्या मजकुराच्या फायलींत लिहायचे. बदल हवा असेल, तर फायलीत करायचा. दुसऱ्या माणसाने तो वाचून संमती दिल्यावरच पाइपलाइनने तो दारावर न्यायचा.

‘दुसऱ्या माणसाने वाचून’ हे शब्द सर्वांत महत्त्वाचे आहेत. नाइट कॅपिटल या अमेरिकी दलाली कंपनीचा इतिहास त्यासाठी प्रत्येक नव्या अभियंत्याला सांगायला हवा. २०१२ च्या जुलैअखेरीस तिच्या तंत्रज्ञाने शेअर बाजाराच्या नव्या योजनेसाठीचा कोड सर्व्हरांवर चढवला. सर्व्हर आठ होते, आणि एकावर तो चढवायचा राहिला. त्या आठव्या सर्व्हरवर २००३ पासून न वापरलेला एक जुना कोड निद्रिस्त होता. १ ऑगस्टला बाजार उघडला आणि तो जागा झाला. पाऊण तासात १५४ समभागांत ४० लाखांहून अधिक सौदे झाले, आणि कंपनीने ४६ कोटी डॉलरहून अधिक रक्कम गमावली. अमेरिकेच्या रोखे आयोगाच्या आदेशात नोंद आहे, की हे काम दुसऱ्या तंत्रज्ञाने तपासले नव्हते आणि तसे तपासावे असा लेखी नियमही कंपनीत नव्हता. बाजार उघडण्यापूर्वी यंत्रणेने स्वतःच चूक असल्याची सूचना देणाऱ्या ९७ ईमेल पाठवल्या होत्या. त्यांच्यावर कुणी कृती केली नाही.

नाइटची गोष्ट राहून गेलेल्या सर्व्हरची. ऑप्टसची गोष्ट राहून गेलेल्या दाराची आहे. ऑस्ट्रेलियातल्या या दूरसंचार कंपनीतून सप्टेंबर २०२२ मध्ये सुमारे ९५ लाख आजी-माजी ग्राहकांची माहिती बाहेर गेली. काहींचे पारपत्र क्रमांक, वाहनपरवाने, आरोग्यविम्याचे क्रमांकही त्यात होते. तिथल्या दूरसंचार नियामकाने पुढे न्यायालयात जे मांडले, ते या सभागृहातल्या प्रत्येकाने शांतपणे ऐकावे असे आहे. नियामकाच्या म्हणण्यानुसार, २०१८ मधल्या एका कोडिंगच्या चुकीमुळे एपीआयवरचा प्रवेशाचा पहारा निकामी झाला. कंपनीच्या मुख्य डोमेनवर ही चूक ऑगस्ट २०२१ मध्ये सापडली आणि दुरुस्तही झाली. पण तीच चूक दुसऱ्या एका डोमेनवरही होती. ते डोमेन २०२० पासून इंटरनेटला उघडे होते, कुणाच्या उपयोगाचे नव्हते आणि कधीच बंद व्हायला हवे होते. तिथली चूक कुणी पाहिली नाही. हल्लेखोराला विशेष कौशल्य लागले नाही, असेही नियामकाने म्हटले. चाचपडत, एकेक करून पाहत तो आत गेला.

म्हणजे चूक माहीत होती, दुरुस्ती हाताशी होती आणि ती करण्याची इच्छाही होती. दोन दारांचे नियम एकाच फायलीतून निघत असते, तर एका दाराची दुरुस्ती दुसऱ्यावरही त्याच दिवशी गेली असती. पण त्याहून आधीचा प्रश्न असा, की जे दार लागत नव्हते, ते उभे का होते?

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, अठराव्या शतकाच्या आरंभी, दुर्गांविषयी जे मार्गदर्शन आहे, त्यात याचे उत्तर सापडते. किल्ल्याला एकच दरवाजा असणे हा अमात्यांच्या मते मोठा दोष. म्हणून गड पाहून दोन-तीन दरवाजे करावेत, चोरदिंड्याही कराव्यात. मात्र रोजच्या राबत्याला लागतील तेवढेच उघडे ठेवावेत आणि उरलेले चिणून टाकावेत. राबता हा शब्द इथे फार नेमका आहे. दार चालू ठेवायचे की नाही, याचा निर्णय ते पूर्वी कशासाठी बांधले यावर घ्यायचा नाही. आज तिथून कोण ये-जा करते, यावर घ्यायचा. आजच्या गेटवेवर प्रत्येक रूटचा राबता मोजता येतो, रूट कुणी बांधला तेही गिटमध्ये दिसते. चिणण्याचे काम तेवढे राहते, कारण नवे दार उघडल्याचे श्रेय मिळते आणि जुने चिणल्याचे कुणी विचारत नाही. कंपन्यांनी ही पद्धत बदलायला हवी.

आता प्रत्यक्ष कामाकडे. काँगसाठी डेक नावाचे साधन आहे. ते चालू गेटवेची सगळी मांडणी एका यामल फायलीत उतरवून देते. फाइल आणि गेटवे यांतला फरक दाखवते. आणि शेवटी ‘सिंक’ करून गेटवेला फायलीप्रमाणे करते. ही शेवटची पायरी वापरणाऱ्यांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. फायलीत जे नाही, ते डेक गेटवेवरून काढून टाकते. यातच त्याचे सामर्थ्य आहे, कारण पॅनेलमधून कुणी गुपचूप उघडलेला रूट पुढच्या सिंकला आपोआप नाहीसा होतो. पण एकाच गेटवेवर चार टीम असतील आणि पहिलीने केवळ स्वतःच्या रूटांची फाइल सिंक केली, तर उरलेल्या तिघींचे रूट पुसले जातात. त्यासाठी प्रत्येक टीमच्या नोंदींना टॅग लावून सिंक त्या टॅगपुरतेच ठेवण्याची सोय आहे. ती पहिल्या दिवसापासून वापरावी.

ॲमेझॉनच्या गेटवेचा खाचखळगा निराळा. तिथे रेस्ट एपीआयची मांडणी बदलली, अगदी कुणाला प्रवेश आहे ते ठरवणारी रिसोर्स पॉलिसी बदलली, तरी नवे डिप्लॉयमेंट करून ते स्टेजवर आणेपर्यंत जुनेच चित्र वाहतुकीला लागू असते. टेराफॉर्ममध्ये या डिप्लॉयमेंटला मांडणीच्या हॅशशी बांधले नाही, तर ‘ॲप्लाय’ हिरवे होते, फाइल सांगते दार बंद आहे, आणि दार उघडे राहते. फाइल बरोबर असणे पुरेसे नाही, हे यातून शिकायचे. पाइपलाइनच्या शेवटच्या पायरीने बाहेरून, टोकनशिवाय, खरोखर दार ठोठावून पाहावे आणि ४०१ हे उत्तर आले तरच काम झाले असे मानावे.

मग धोरणाची पातळी येते. ओपन पॉलिसी एजंट हे २०१६ मध्ये सुरू झालेले साधन नियमांचेही नियम लिहू देते. तपासणीच्या प्लगइनशिवाय एकही रूट मर्ज होणार नाही. अपवाद हवा असेल तर त्याला मालकाचे नाव आणि संपण्याची तारीख हवी. भागीदारांच्या रूटला रेट लिमिट असलेच पाहिजे. अशा दहा-बारा ओळींनी दुपारच्या त्या फोनमुळे उघडी राहणारी कितीतरी दारे वाचतात. अर्थात गेटवे सगळे पाहू शकत नाही. ओवॅस्प या सॉफ्टवेअर-सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेच्या एपीआय सुरक्षेच्या यादीत २०१९ मध्ये आणि २०२३ मध्येही पहिल्या क्रमांकावर एकच दोष आहे : आत आलेला माणूस वैध असतो, पण दुसऱ्याच्या वस्तूला हात लावतो. टोकन खरे आहे हे गेटवे सांगेल. अमुक बिल त्याच ग्राहकाचे आहे का, हे आतल्या सेवेलाच पाहावे लागेल. गेटवेची पाइपलाइन उभी राहिली म्हणून तो भाग सोडून देणारी टीम स्वतःला फसवते.

इथवर ऑटोमेशनची बाजू मांडली. आता जी बाजू या व्यवसायात कमी बोलली जाते, ती.

१२ जून २०२५ ला, भारतात रात्रीचे सव्वाअकरा झाले असताना, गूगल क्लाउड जगभर कोसळू लागले. स्पॉटिफाय, डिस्कॉर्ड, क्लाउडफ्लेअरच्या काही सेवा त्याबरोबर अडकल्या. कोसळलेला भाग कोणता होता? सर्व्हिस कंट्रोल. गूगलच्या एपीआयवर येणाऱ्या विनंतीला परवानगी आहे का, तिचा कोटा उरला आहे का, हे तपासणारा पहारेकरी. कंपनीने पुढे कारणे उघडपणे मांडली. २९ मे रोजी कोट्याच्या जादा तपासणीसाठी त्यात नवा कोड घातला होता. हा कोड टप्प्याटप्प्याने प्रदेशांत गेला, पण त्याला जाग आणणारे धोरण तोवर आलेच नव्हते, त्यामुळे त्यातली चूक दिसली नाही. १२ जूनला काही रकाने रिकामे असलेले धोरण भरले गेले, आणि ते काही सेकंदांत जगभरच्या प्रदेशांत पोचले. रिकाम्या रकान्याशी गाठ पडताच पहारेकरी सगळीकडे एकदम पडला. कारण दहा मिनिटांत सापडले, आणि तो मार्ग बंद करणारे बटण चाळीस मिनिटांत सगळीकडे पोचले. तरीही आयोवातल्या मोठ्या प्रदेशाला सावरायला दोन तास चाळीस मिनिटे लागली, कारण सगळी कामे एकाच वेळी पुन्हा सुरू होऊन खालच्या डेटाबेसवर तुटून पडली.

कोड हळूहळू गेला आणि धोरण एका झटक्यात गेले, हे या घटनेचे मर्म आहे. आपल्या व्यवसायात कोडला जी शिस्त लागली आहे, ती कॉन्फिगला अजून लागलेली नाही. ‘ही तर नुसती फाइल आहे’ असे म्हणून ती सगळ्या गेटवेंवर एकदम ढकलली जाते. चुकीचा नियम हाताने लावणारा माणूस थकतो, थांबतो, चहाला जातो. पाइपलाइन थांबत नाही. म्हणून कॉन्फिगनेही आधी एका गेटवेवर, मग एका प्रदेशात, मग पुढे असेच गेले पाहिजे, आणि प्रत्येक टप्प्यावर चुकांचे प्रमाण पाहून मागे येण्याची सोय हवी. पहारेकऱ्याला नियमच वाचता आला नाही तर काय करायचे, तेही आधी ठरवावे. शेवटचा चालणारा नियम धरून राहणे हे बहुतेक ठिकाणी शहाणपणाचे आहे.

चाव्यांची गोष्ट थोडक्यात. पासवर्ड आणि गुप्त चाव्या रेपोत ठेवायच्या नाहीत, रेपो खासगी असला तरी नाही. २०१६ मध्ये उबरच्या खासगी रेपोत सापडलेल्या चाव्यांनीच ५ कोटी ७० लाख प्रवासी आणि चालकांच्या माहितीपर्यंत वाट गेली. फायलीत फक्त चावी कुठे आहे याचा निर्देश असावा. आणि पाइपलाइन स्वतःच सर्वांत जास्त चाव्या बाळगून असते, हे विसरू नये. जानेवारी २०२३ मध्ये अशा पाइपलाइन पुरवणाऱ्या सर्कलसीआय कंपनीने आपल्या सगळ्या ग्राहकांना तिथे ठेवलेली प्रत्येक गुप्त चावी बदलायला सांगितले होते.

संकटकाळासाठी हाताने उघडायचे एक दार मात्र राखावेच लागते. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक सुमारे सहा तास बंद होते. देखभालीच्या एका आज्ञेने त्यांचे आतले जाळे तुटले. अशी आज्ञा अडवण्यासाठी असलेल्या तपासणी-साधनातच दोष होता, म्हणून ती अडली नाही. आणि दुरुस्तीची नेहमीची साधनेही त्याच जाळ्यावर अवलंबून होती. अभियंत्यांना डेटा सेंटरमध्ये प्रत्यक्ष जावे लागले आणि तिथल्या कडक पहाऱ्यातून आत शिरण्यातही वेळ गेला. राखीव दार वेगळ्या वाटेवर असावे, वापरले की सगळ्यांना कळावे, आणि त्यातून केलेला बदल दुसऱ्या दिवशी फायलीत यावा.

भारतात याला कायद्याचीही जोड आली आहे. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना सहा तासांत कळवायची आणि लॉग १८० दिवस जपायचे. २०२३ च्या व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्यात सुरक्षेची पुरेशी काळजी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. सहा तासांत ‘काय उघडे होते आणि कधीपासून’ हे सांगायचे, तर उत्तर माणसांच्या आठवणीत शोधून चालणार नाही. गिटच्या इतिहासात ते एका आज्ञेने मिळते, मात्र त्या इतिहासात कारणही लिहिलेले असले तर. ‘फिक्स’, ‘अपडेट’, ‘टेम्प’ एवढ्याच शब्दांच्या कमिटांनी भरलेला रेपो वाचणाऱ्याला काहीही सांगत नाही. अमुक भागीदाराची जुनी प्रणाली नवे टोकन पाठवू शकत नाही, म्हणून ३० जूनपर्यंत सवलत, अमुक व्यक्तीच्या संमतीने : इतके लिहायला एक मिनिट लागते. मराठी बोलणाऱ्या टीममध्ये ही कारणे चहाच्या टपरीवर भरभरून सांगितली जातात आणि तिथेच विरतात. ती लिहावीत. मराठीत लिहिली तरी चालतील; वाचणाऱ्याला कळणे महत्त्वाचे.

या संमेलनाहून परतल्यावर प्रत्येक टीमने एक काम करावे, अशी अध्यक्ष या नात्याने विनंती आहे. चालू गेटवेची मांडणी फायलीत उतरवून घ्यावी आणि रेपोतल्या फायलीशेजारी ठेवावी. जिथे फरक दिसेल तिथे थांबावे. प्रत्येक रूटसमोर मालकाचे नाव लिहावे. ज्याच्यासमोर नाव लिहिता येत नाही, त्याचा राबता पाहावा, आणि तो पाहताना आठवड्याचा लॉग पुरेसा मानू नये, कारण काही दारे केवळ मार्चअखेरीस ठोठावली जातात. वर्षाचा हिशेब पाहूनही कुणी दिसले नाही, तर बंद करण्याची पुल रिक्वेस्ट काढावी आणि दुसऱ्याकडून वाचून घ्यावी. चिणण्याआधी काही दिवस त्या दारावरून येणाऱ्याला उत्तरादाखल निरोप जावा, की हे दार बंद होत आहे, अडचण असल्यास कुणाशी बोलावे. आणि त्या निरोपात दिलेल्या क्रमांकावर फोन उचलणारा माणूस असावा.